मोगऱ्याचं पाणी

दीपमालानं गॅलरीत जुनं वर्तमानपत्र अंथरलं, मोगऱ्याची कुंडी आडवी केली आणि बुडावर दोन थापा मारल्या. माती हलली नाही. भिजवलेल्या कणकेसारखी ती कुंडीला चिकटून बसली होती.

"मारून टाकती आता त्याला," कावेरीबाई दारातून म्हणाल्या.

मोगरा कावेरीबाईंचा होता. रेणापूरच्या अंगणातली फांदी त्यांनी दुधाच्या पिशवीत लावली होती आणि एसटीत मांडीवर धरून नांदेडला आणली होती. लेकाच्या फ्लॅटमध्ये त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. उन्हाळाभर देवापुढं ओंजळभर फुलं पडायची. महिन्यापासून मात्र पानं पिवळी पडत होती आणि झाडानं मान टाकली होती. सुनेचं लक्ष नाही, असा निकाल कावेरीबाईंनी कधीच देऊन टाकला होता. रेणापुरातच दिलेल्या लेकीला, तारामतीला, त्यांनी तो दार लोटून घेऊन फोनवर दोनदा सांगितला होता. कावेरीबाईंना फोनवर हळू बोलता येत नसल्यामुळं दीपमालानंही तो दोनदा ऐकला होता.

तिनं उलथन्यानं कडेची माती सोडवली आणि झाड मुळांसकट ओढून काढलं. कुजक्या कांद्याचा वास आला. मुळं काळी पडली होती. एक तिनं चिमटीत धरून ओढलं, तर नुसती साल हातात आली.

"आत्याबाई, हे पाणी खाली उतरलंच न्हाई. भोक बुजलंय."

तिनं भोकात उलथन्याचा दांडा घालून ढोसलं. एक चिंधी निघाली. चिखलानं भरलेली असली तरी हिरवी होती आणि तिला पिवळ्या काठाचा तुकडा होता. तसलं लुगडं घरात एकाच माणसाचं होतं.

दीपमालानं ती वर्तमानपत्रावर ठेवली.

"म्याच कोंबली," कावेरीबाई म्हणाल्या. "वरून घातलं की खालून वाहून जाऊन राहिलं होतं. वाया."

बोलण्यासारखं दीपमालाजवळ खूप होतं, पण तिचे हातही कोरडे नव्हते. रोज सकाळी तांदळाचं धुवण ती याच कुंडीत ओतायची. तिचा नवरा दयानंद ऑफिसातून आला की बाटलीतलं उरलेलं पाणी इथंच रिकामं करायचा. पाहुण्यानं अर्धा ठेवलेला पेला, तांब्यातलं शिळं पाणी, सगळं इथंच. ज्यांनी टँकरपुढं घागरी लावून दिवस काढलेत, त्यांच्या हातून पाणी मोरीत ओतलं जात नाही. एका झाडाला तीन माणसं पाणी पाजत होती आणि आपल्याशिवाय त्याला कुणी बघत नाही, असं तिघांनाही वाटत होतं.

कावेरीबाई खाली बसल्या. त्यांनी मुळांचा गड्डा हातात घेतला, वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पाणी साचून रान चिबडलं की तूर अशीच जाती," त्या म्हणाल्या. "दोन एकर गेली माझ्या डोळ्यादेखत. पाणी हटून रानाला वाफसा आल्याबिगर म्या कधी बैल घालू दिला न्हाई. अन् एवढ्याशा कुंडीत मला दिसलं न्हाई."

त्यांना लाज वाटत होती आणि ती लपवायचं त्यांना सुचलं नाही.

दीपमालानं कात्री डेटॉलच्या बोळ्यानं पुसली. कावेरीबाईंनी ती तिच्या हातातून घेतली. पुढचं सगळं त्यांनीच कापलं. काळं, मऊ, वासाचं ते सगळं गेलं. मागं पांढरी, कडक अशी चार मुळं राहिली. मग त्यांनी वरच्या फांद्याही निम्म्यानं छाटल्या. एवढा पसारा पोसायला खाली काही उरलं नव्हतं.

सोयाबीनच्या बियाण्याला चोळतात ती बुरशीनाशक पावडर दीपमालानं मुळांना लावली. कुंडी घासून धुतली, बुडाला विटांचे तुकडे टाकले आणि निम्मी माती, निम्मी वाळू भरली. चिखल कचऱ्याच्या बादलीत गेला. चिंधी वर्तमानपत्रावर तशीच राहिली.

"आता पाणी?" कावेरीबाईंनी विचारलं. सवयीनं त्यांचा हात तांब्याकडं गेला होता.

"आज पेलाभर. मग बोट खुपसून बघायचं. दोन पेरं कोरडी लागली तरच."

"वाफसा बघायचा म्हन की."

"हाव. ते तुमीच बघा. म्या अन् ह्यांनी हात लावायचा न्हाई."

"जगंल का?"

"चार मुळं हायेत. बघू."

आत फोन वाजला. तारामतीचा होता. कावेरीबाई हात पुसत खोलीत गेल्या. दार लोटायला त्यांनी हात पुढं केला आणि मग तसाच खाली सोडला.

"मोगरा कसा हाय, आई?"

"उपटला, कापला, परत लावला. चार मुळं उरलीत."

"वैनीनं पाणी घातलं नसंल. तूच म्हनली होतीस."

कावेरीबाईंनी गॅलरीकडं पाहिलं. दीपमाला पाठमोरी बसून सांडलेली माती झाडत होती. तिच्या पायाशी चिंधी पडली होती.

"पाणी म्याच घातलं."

"मग?"

"लई घातलं. बुडाला चिंधी कोंबून घातलं."

जास्त पाण्यानंही झाड मरतं, ही गोष्ट टँकरच्या रेणापुरात ध्यानात यायला वेळ लागतो.

"म्हंजी, पाण्यानं सडला?"

"हाव," कावेरीबाई म्हणाल्या. "माझ्या पाण्यानं. तिचं काही न्हाई त्यात."

गॅलरीत झाडूचा आवाज थांबला. जरा वेळानं तो पुन्हा सुरू झाला.