भाकरीचा पापुद्रा

चंद्रावरच्या दवाखान्याचं दार हेमांगीला आत सोडेना. पेशंटला घरचं म्हणून फक्त सूप, इडली आणि सँडविच चालेल, असं त्याच्या यादीत होतं.

"हे सँडविचच आहे," म्हणत तिने डबा दाराच्या काचेसमोर धरला.

"ही भाकरी आहे आणि बाजूला पिठलं आहे," दार म्हणालं. "सँडविच म्हणजे वर एक थर, खाली एक थर आणि मध्ये सारण."

आत तिच्या सासऱ्यांनी, तात्यांनी, ऑपरेशननंतर चार दिवस अन्नाला हात लावला नव्हता. उद्यापासून त्यांना नळीने भरवणार होते.

हेमांगीने तिथेच बसकण मारली. भाकरी तव्यावर चांगली टम्म फुगली होती. तिने नखाने कड उचलून वरचा पापुद्रा सोडवला, आत पिठलं पसरलं आणि पापुद्रा परत झाकला.

"आता मोज थर."

दाराने काचेतून थर मोजले: वर एक, खाली एक, मध्ये सारण. मग उघडलं.

तात्यांनी पहिला घास सावकाश चावला. मग दुसरा. तिसऱ्याला म्हणाले, "पिठल्यात मीठ कमी पडलंय, सूनबाई."

"उद्या नीट घालते," हेमांगी म्हणाली आणि चार दिवसांत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसली.