तीन गुण

बॉस्टनमधल्या एमेट आणि कार्माइनचा वाद जुनाच होता. आपल्या शहराचा साठच्या दशकातला बास्केटबॉल संघ भारी, की ऐंशीच्या दशकातला? दोन्ही संघांची कल्पनेत झुंज लावायची, तर नियम कुणाचे, इथेच गाडी अडायची. एमेटच्या लाडक्या साठच्या संघाच्या काळी कितीही लांबून बास्केट केली तरी दोनच गुण मिळत. कार्माइनच्या ऐंशीच्या संघाला लांबच्या बास्केटचे तीन.

त्या दुपारी एमेट इस्पितळात होता. दुसऱ्या दिवशी हृदयाचं ऑपरेशन होतं. कार्माइन खाटेशेजारी बसून संत्रं सोलत होता.

"घे तुझे तीन गुण," एमेट छताकडे बघत म्हणाला. "सामना तुझ्या नियमांनी."

कार्माइनचा हात थांबला. इतक्या वर्षांत एमेटने अर्धा गुणही सोडला नव्हता.

"मला नकोत. दोनच गुण. सामना तुझ्याच नियमांनी."

"अरे गाढवा, मग हरशील की!"

"हरतंय कोण? माझी पोरं दोन-दोन गुणांनीही तुझ्या त्या म्हाताऱ्यांना लोळवतील."

"म्हाताऱ्यांना?" एमेट कोपर टेकून उठून बसला. "परवा ये तू. शुद्धीवर आलो की बघतोच तुला!"

"परवा येतो," कार्माइन म्हणाला आणि पुन्हा संत्रं सोलू लागला.