सही त्यांचीच लागेल

"आई हयात आहेत ना? मग संमतीपत्रावर सही त्यांचीच लागेल. मुलगा असलात तरी फाइल अशी देता येत नाही," हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधली बाई म्हणाली.

तो संमतीपत्राचा कोरा अर्ज घेऊन घरी आला. आईने राहतं घर ताईच्या नावावर केलं होतं, ते त्याला रद्द करून घ्यायचं होतं. सकाळीच गॅलरीत उभा राहून तो फोनवर वकिलाला म्हणाला होता, "सही केली तेव्हा आई पार भ्रमिष्ट होती हो." वकिलाने पुराव्याला आईचे त्या वेळचे हॉस्पिटलचे कागद मागितले होते.

"विम्यासाठी लागतंय गं," तो आईकडे न बघता म्हणाला.

आईने पदराने चष्मा पुसला. अर्ज शेवटपर्यंत वाचला. तारीख त्याला न विचारता घातली आणि खाली सावकाश पूर्ण नाव लिहिलं. एक अक्षर डगमगलं नाही. अर्ज घ्यायला त्याने हात पुढे केला, पण मान काही वर करवेना.

"एवढं विचारून घे हं त्यांना," अर्ज त्याच्या हातात देत आई म्हणाली, "भ्रमिष्ट बाईची सही चालते ना?"