सोमवारचा वाचक

शिवणकाम करणाऱ्या मावशीने ईमेलवरच्या आपल्या न्यूजलेटरच्या तिसऱ्या वाढदिवसाचं पत्र पाठवलं. डोळे अधू होत चाललेत, डॉक्टरांनी हात टेकलेत, हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. या पत्रात लिहून टाकलं, त्या एका वाचकाच्या भरवशावर. दर सोमवारी पाठवलं रे पाठवलं, की तो उघडायचा. आजही त्याने पत्र उघडल्याची खूण लगेच स्क्रीनवर आली. “बघ, माझा माणूस,” तिने भाचीला कौतुकाने दाखवलं. “मावशी, माणूस कसला? पत्ता बघ, कुठल्यातरी ऑफिसचं मशीन आहे. आलेली प्रत्येक मेल उघडून तपासतं.” “पहिल्यापासून?” “हो गं.” “आणि तू?” “तुझी पत्रं माझ्याकडे साठलीत. सुट्टीत सगळी एकदम वाचणार आहे. तोवर या शर्टाला एवढं बटण लावून दे.” मावशीने शर्ट मांडीवर घेतला. दोरा सुईच्या आजूबाजूला हिंडत राहिला. “तेवढा ओवून दे.” भाचीने एका झटक्यात ओवला. “आंधळी झालीस की काय?” “झालेच म्हण.” भाची खळखळून हसली.