‘गेट बाय’चा अर्थ

मेव्हिस ओल्ड्रॉइडने दारची पायरी घासून पांढरीफेक केली, आणि मग तिच्या ध्यानात आलं, की आता काही आपल्याला उठता येत नाही.

त्र्याऐंशी वर्षांचे गुडघे ते. एका हातात घासायचा दगड, दुसरा हात चौकटीला. समोरून पोस्टमन गेला.

"काय म्हणताय, मिसेस ओल्ड्रॉइड?"

"मजेत," ती म्हणाली, आणि घासलेलीच पायरी पुन्हा घासायला लागली. तो वळणाआड होईपर्यंत घासत राहिली.

नऊला जिन्सी आली. जिन्सी केरळची, पंचेचाळिशीची, दोन लेकरं तिकडे आईपाशी ठेवून इथं यॉर्कशरमध्ये म्हाताऱ्यांना उठवायला-बसवायला आलेली. मेव्हिसकडे ती सकाळी अर्धा तास यायची, संध्याकाळी अर्धा तास. अंघोळ, मोजे, खाणं, सगळं त्या अर्ध्या तासात.

"अगं बाई! किती वेळ झाला असं बसून?"

"आत्ताच."

हात धरला तर बर्फ. जिन्सीने काखेत हात घालून तिला उचललं, खुर्चीत आणून टेकवलं आणि गुडघे चोळायला घेतले.

"आज अकराला कौन्सिलची बाई यायचीय ना? आणि आजच हे उद्योग?"

"म्हणूनच तर. परकी बाई घरात पाऊल टाकणार आणि पायरी कळकट? माझी आई थडग्यातून उठून कान उपटेल माझा."

"ती पायरी बघायला येत नाहीये. मी इथं यायचं की नाही, ते ठरवायला येतेय. मी नसले तर उद्या कोण उचलणारेय तुम्हाला?"

कुणी उचलणार नव्हतं. मेव्हिसला ते माहीत होतं.

जिन्सीने खिशातून वही काढून मांडीवर ठेवली. शनिवारी तिची इंग्रजीची परीक्षा. पास झाली तर नर्स, नाहीतर आहेतच लोकांचे मोजे.

"गेट बाय म्हणजे काय हो? पुस्तकात दिलंय, जेमतेम निभावणे. पण कुठं वापरायचं ते काही दिलं नाही."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं कधी निभावलंय?" मेव्हिस पंधराव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत गेलेली, पण हा धडा तिचा पाठ होता. "ऐक. बापाची गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही सहा भावंडं. शेजारीण मागच्या भिंतीवरून विचारायची, कसं काय चाललंय? आई म्हणायची, गेट बाय करतोय. म्हणजे काय, तर घरात पाव नाही."

"मग पाव नाही असंच का नाही सांगायचं?"

"आणि तिनं आणून दिला असता तर?"

"खाल्ला असता की."

मेव्हिसने तिच्याकडे असं काही पाहिलं, की जिन्सीने मुकाट्याने वहीत मान घातली आणि लिहायला लागली.

अकराला मिस शॉ आली. ह्याच गावची, पन्नाशीची, डोळ्यांखाली काळं. "पायरी काय सुरेख ठेवलीय तुम्ही!" आत पाऊल टाकताच ती म्हणाली. मेव्हिसने मान ताठ केली. केस बसवलेले, गळ्यात मोत्यांची माळ, टेबलावर ठेवणीतल्या कपबश्या. जिन्सीला मुद्दाम थांबवून घेतलं होतं. ती चहा ओतत होती.

"अंघोळ स्वतःची स्वतः करता?"

"गेट बाय करते."

"जिना?"

"गेट बाय करते."

"हल्ली कधी पडलात-बिडलात?"

"मी? छे."

किटली बशीवर आपटली. मेव्हिसने जिन्सीकडे डोळे वटारले.

"मग सकाळची भेट बंद केली तर चालेल?"

टेबलाखाली मेव्हिसचा हात गुडघ्यावर घट्ट आवळला गेला. "करीन गेट बाय."

उत्तरं टिपून घेणारं मिस शॉचं बोट मांडीवरच्या टॅबलेटवर थांबलं. तिने चष्मा काढला, डोळे चोळले.

"माझी आजी दोन दिवस जिन्याखाली पडून होती. दार फोडून आत गेलो, तर आम्हालाच म्हणाली, गेट बाय करतेय मी. मला कळतं हो, मिसेस ओल्ड्रॉइड. पण इथं रकाने दोनच आहेत. जमतं, आणि जमत नाही. तुम्ही तोंडानं सांगितल्याशिवाय मला दुसऱ्यात खूण करता येत नाही. आणि मला आज अजून सात घरं करायचीत."

मेव्हिसने कप उचलला, न पिताच खाली ठेवला. नखांत पायरीची पांढरी भुकटी तशीच होती.

चहावर साय धरली.

"जिन्सी," शेवटी ती म्हणाली, "वही काढ. शनिवारी परीक्षा आहे तुझी. या बाईंना वाचून दाखव, काय लिहिलंस ते."

जिन्सीने वही उघडली. शाळेतल्या मुलीसारखी उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करत वाचलं,

"गेट बाय. म्हणजे, घरात पाव नाही, पण पायरी घासलेली आहे."

मिस शॉने मेव्हिसकडे पाहिलं. मेव्हिस खिडकीकडे पाहत होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तेच लिहून घ्या."