रोज तासभर

कुंदाबाई रावेरच्या दवाखान्यात आल्या होत्या त्या नवऱ्याला दाखवायला. भाईदास अंगानं दांडगे, तर कुंदाबाई हातापायांनी नुसत्या काडी. डॉक्टरीणबाईंनी दोघांच्याही कमरेला टेप लावली, रक्त तपासलं आणि रिपोर्ट बघून म्हणाल्या, "भाऊ ठणठणीत आहेत. केळीचे घड उचलून कमावलेलं अंग आहे ते. चरबी तुमच्या पोटावर आहे, ताई. साखर आणि प्रेशर, दोन्ही वाढलंय. रोज तासभर चालायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाबाई चपला घालून निघाल्या, तर भाईदास आधीच दारात उभे. "चाल, मी बी येतो."

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, पण काही काम नसताना दोघं असे बरोबर कधी चाललेच नव्हते. केळीच्या बागांमधल्या रस्त्यावर गप्पा सुरू झाल्या, त्या घरी आलं तरी संपेनात.

सहा महिन्यांत पोट चार बोटं आत गेलं, साखरही उतरली. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "शाब्बास! आता भाऊंना कशाला रोज दमवता? एकट्या फिरलात तरी चालेल."

कुंदाबाई पडदा सारून बाहेर आल्या. लगतच्या बाकावर बसलेल्या भाईदासांनी विचारलं, "काय म्हने डॉक्टरीण?"

"नवऱ्याले संगं घिऊनच चालायचं म्हने. जन्मभर."

पडद्याआडचा शब्द न् शब्द ऐकलेले भाईदास गंभीर चेहऱ्यानं उठले. "मंग काय, डॉक्टरचं आयकाच लागीन."