विरजणाची वाटी

दह्याचा धंदा चालायला लागला, तसं रखमाजी भागीदार तातेरावला जालन्यात वकिलाकडे घेऊन गेले. गोपनीयतेचा करार करायचा होता. उद्या तातेराव वेगळा झाला तरी चव त्याच्यासोबत जायला नको. वकील म्हणाले, “बंधन दोघांवर सारखं हवं. गुपित कुणाचं तेही लिहावं लागेल, नाहीतर कोर्टात टिकत नाही.” “हे विरजण आमच्या घराण्याचं, पिढीजात,” म्हणत रखमाजींनी बायकोनं बांधून दिलेली वाटी टेबलावर ठेवली. काठाखाली नाव कोरलेलं होतं. वकिलांचं पेन थांबलं. “कांताबाई कोण?” “माझी माय,” तातेराव म्हणाला. “वहिनी आल्त्या मागायला, तवा दिल्तं. असू द्या साहेब. विरजण काय, कुणी बी मागतं, कुणी बी देतं. रखमाजीदादा, वाटी तेवढी नेतो. माय हुडकून राह्यली.” रखमाजींनी मसुदा वाचायला घेतला. तेवढा वेळ मान खाली ठेवता येत होती.